तळ्यात बुडालेली मधमाशी

आठ-नऊ बटणे दाबायला मला फार तर दहा सेकंद लागले असतील. नातू वरच्या मजल्यावर हात धुवायला गेला होता, जिन्यावरून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, आणि तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून त्याच्या खेळण्यातल्या पिवळ्या मधमाशीच्या पाठीवरचे फुलीचे निळे बटण दाबले. मग दोनदा पुढे, एकदा उजवीकडे, तीनदा पुढे, एकदा डावीकडे आणि शेवटी पुन्हा एकदा पुढे. प्रत्येक दाबाबरोबर ती बारीक आवाज करत होती आणि तो वर ऐकू जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या हाताचा पंजा तिच्यावर धरला होता. तो खाली आला, ओले हात पँटला पुसत त्याने मधले हिरवे बटण दाबले, आणि मधमाशी कागदावर काढलेल्या स्टेशनातून निघून थेट आजीच्या घरात जाऊन थांबली. तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर ती प्रथमच घरी पोहोचली होती. मी टाळ्या वाजवल्या. त्याचे मात्र मधमाशीकडे लक्ष नव्हते. तो माझ्याकडे पाहत होता. "मी दोनदा पुढे सांगितलं होतं," तो म्हणाला, "ती तीनदा गेली. आजी, तू केलंस ना?" मला उत्तर देता आले नाही. त्याने मधमाशी उचलली, तिच्या पोटाखालची कळ बंद केली, तिला बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि झाकण लावले. पुढचे चार दिवस ते खोके उघडले गेले नाही.

मी तेव्हा ब्रिस्टलला मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. नातू सहा वर्षांचा. त्याच्या शाळेत या मधमाशीला बी-बॉट म्हणतात आणि इंग्लंडमधल्या कितीतरी बालवर्गांच्या फडताळात ती ओळीने ठेवलेली असते. घरची मधमाशी मुलीने कोणाची तरी वापरलेली घेतली होती. तिच्या पोटावर आधीच्या मालकाच्या नावाची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली होती आणि डाव्या बाजूचा एक काळा पट्टा मुलांच्या बोटांनी झिजून राखाडी झाला होता. माझ्या तळहाताएवढे हे खेळणे. त्याला पडदा नाही, फोन लागत नाही, ते बोलत नाही. पाठीवर पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे असे चार नारिंगी बाण असतात. पुढचा बाण एकदा दाबला की ती पंधरा सेंटिमीटर पुढे जाणार. वळणाचा बाण दाबला की जागच्या जागी काटकोनात वळणार. आधी सगळ्या सूचना ओळीने द्यायच्या, मग हिरवे बटण दाबायचे आणि हात मागे घ्यायचा. एकदा ती निघाली की ती काय करते ते नुसते बघायचे असते, आणि मला वाटते, त्या खेळण्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

जाड गालिच्यावर तिची चाके अडखळतात म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसत असू. मी भेटवस्तूच्या जुन्या वेष्टनाच्या पाठीवर पट्टीने पंधरा पंधरा सेंटिमीटरचे चौकोन आखले होते, सहा उभे आणि सहा आडवे, आणि त्यांत त्याच्यासाठी माझे मिरज काढले होते. डाव्या खालच्या कोपऱ्यात मिरज जंक्शन, त्याच्या वरच्या बाजूला सतारमेकर गल्ली, मधे निळ्या खडूने रंगवलेला गणेश तलाव, आणि त्या तलावाच्या पलीकडे तिरक्या चौकोनात आजीचे घर. खऱ्या मिरजेत या जागा अशा ओळीत नाहीत, पण सहा वर्षांच्या मुलाला सतारीच्या भोपळ्याचे चित्र फार आवडले होते आणि स्टेशनातून निघालेली मधमाशी त्या भोपळ्यावरून जाताना तो दर वेळी तोंडाने तार छेडल्यासारखा आवाज काढत असे.

त्या दिवशी त्याची चूक अगदी साधी होती आणि मला ती पहिल्याच फेरीत दिसली होती. उजवीकडचा बाण दाबला की माशी उजवीकडच्या चौकोनात जाते, असे तो धरून चालला होता. म्हणून त्याने दोनदा पुढे, एकदा उजवीकडे, दोनदा पुढे आणि एकदा डावीकडे अशा सहा सूचना दिल्या. त्याच्या हिशेबात वळण हेही एक पाऊल होते. माशी बिचारी जागीच वळली, दोन चौकोन पुढे गेली, पुन्हा जागीच वळली आणि तलावाच्या मधोमध थांबून डोळ्यांचे दिवे लुकलुकवू लागली. "बुडाली!" तो ओरडला. मग त्याने तिला उचलून स्टेशनात ठेवले आणि तीच सहा बटणे पुन्हा, अधिक जोरात दाबली. फुलीचे बटण दाबायला तो विसरला होता. या माशीच्या स्मरणात आधीच्या सूचना तशाच राहतात आणि नव्या त्यांच्यामागे जोडल्या जातात. आधीचे पुसायचे असेल तर ते स्वतःहून पुसावे लागते. त्यामुळे दुसऱ्या वेळी ती तलाव ओलांडून भलत्याच कोपऱ्याकडे गेली, आणि तिसऱ्या वेळी, अठरा सूचना घेऊन, कागदाबाहेर पडून फ्रीजखाली शिरली. लांब चमच्याने तिला बाहेर काढताना तिच्याबरोबर धुळीचा एक गोळा आणि वाटाण्याचा वाळलेला दाणा निघाला. तो रडला नाही. कपाळाला आठ्या घालून तो हात धुवायला गेला. तो रडला असता तर कदाचित मी त्या बटणांना हात लावला नसता, त्याला जवळ घेतले असते. त्याच्या कपाळावरच्या त्या आठ्याच मला बघवल्या नाहीत.

"मी दोनदा सांगितलं होतं, ती तीनदा गेली." हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

कारण त्या वाक्यात त्याला त्याची चूक सापडलेलीच होती. तीन वेळा फसलेल्या स्वतःच्या सूचना त्याला तोंडपाठ होत्या, आणि माशी बरोबर गेली तेव्हा तिच्या जाण्यात आणि आपल्या सांगण्यात एका पावलाचा फरक आहे हे त्याने डोळ्यांनी मोजले होते. आणखी एकदोनदा ती तळ्यात बुडाली असती, तर तोच फरक त्याने माझ्या मदतीशिवाय मोजला असता. मुलीने त्या रात्री मला शाळेतून आलेला कागद दाखवला. इंग्लंडमध्ये २०१४ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांच्या मुलांपासून संगणनाचा विषय सुरू होतो, आणि पाच ते सात या वयात मुलांनी अल्गोरिदम, म्हणजे काम करण्याच्या ओळीने मांडलेल्या पायऱ्या, काय असतो हे समजून घ्यावे, साधे प्रोग्रॅम रचावेत आणि त्यांतल्या चुका शोधून दुरुस्त कराव्यात, अशी अपेक्षा असते. त्या शेवटच्या कामाला नातू 'डीबग' म्हणतो, आणि तो शब्द त्याच्या तोंडी 'दात घासणे' इतका सवयीचा आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या शिक्षकीत चूक शोधणे हे काम माझे होते. मुलांचे काम चूक न करणे, हे होते.

मी मिरजेच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत संगणक आले, त्यांच्यासाठी एक खोली रंगवून घेतली गेली, दाराला दोन कुलपे लागली आणि आत जाताना चपला बाहेर काढण्याचा नियम झाला. प्लॅस्टिकचे आच्छादन काढले की यंत्रांना येणारा तो गरम, किंचित जळकट वास मला अजून आठवतो. तिथे लोगो नावाची भाषा शिकवायचे काम गणिताच्या बाई म्हणून माझ्याकडे आले. पडद्यावर एक लहानसा त्रिकोण असे, त्याला कासव म्हणायचे. त्याला इतके पुढे जा, इतके अंश वळ, असे लिहून सांगितले की त्याच्यामागे रेघ उमटत असे. एका यंत्रापुढे चार मुले आणि प्रत्येकाला काही मिनिटे. सातवीतल्या एका मुलीने समभुज त्रिकोण काढायला घेतला. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे मीच शिकवलेले. तिने कासवाला साठ अंश वळवले, एकदा, दोनदा, तीनदा. त्रिकोण झाला नाही, तर तोंड उघडे असलेले, वाडग्यासारखे काहीतरी झाले. तिने मला न विचारता तेच आणखी तीनदा लिहिले आणि पडद्यावर षट्कोन पूर्ण झाला. "बाई, मधाच्या पोळ्याचं घर झालं!" ती म्हणाली, आणि शेजारच्या दोघी वाकून बघू लागल्या. मी तिच्या खांद्यावरून हात घालून साठच्या जागी एकशेवीस लिहिले, त्रिकोण करून दाखवला आणि पुढच्या मुलांना बसायला सांगितले. घंटा व्हायला चार मिनिटे उरली होती. कासव कोणीकडे तोंड करून उभे आहे आणि त्याला किती वळावे लागेल, हे मी तिला विचारले नाही. ती मुलगी आज चाळिशीच्या पुढे असेल.

गंमत अशी वाटते की वळणे आणि चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या पिढीला पायांनी चांगले ठाऊक होते. शाळेच्या मैदानावर कवायतीच्या तासाला सर 'दहिने मूड' म्हणत तेव्हा आम्ही उजवी टाच आणि डावा चवडा यांवर जागीच वळत असू, आणि 'आगे चल' ऐकू येईपर्यंत एकीनेही पाऊल उचललेले चालत नसे. कोणी उचललेच तर रांगेत धडक व्हायची आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून करावे लागायचे. तापलेल्या मैदानावर, कॅनव्हासच्या बुटांत, आम्ही त्या मधमाशीच्या सगळ्या बटणांचा अभ्यास केला होता. मात्र सूचना देणारे सर होते आणि पाळणाऱ्या आम्ही. सूचना देण्याची पाळी आमच्यापैकी कोणावर कधी आली असेल असे मला आठवत नाही.

आईकडून मात्र दोन्ही शिकायला मिळाले. ती विणत असे आणि विणकामाचा नमुना एखाद्या जुन्या वहीच्या पानावर लिहून ठेवत असे: दोन सुलट, दोन उलट, एक टाका न विणता घ्या, धागा पुढे, दोन एकत्र, ही ओळ आठ वेळा. मी नऊ वर्षांची असताना वडिलांसाठी राखाडी मफलर विणायला घेतला आणि कुठेतरी टाका गळला. चार बोटे विणून झाल्यावर ते मला दिसले. मी आईपुढे सुया धरल्या. तिने हातात घेतल्या नाहीत. ती तांदूळ निवडत होती, तिने सूप थांबवले, मफलर उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "कुठं चुकलंय ते तू शोध. सापडलं की तिथपर्यंत उसव." मला ते सापडायला संध्याकाळ लागली. उसवलेली लोकर सरळ राहत नाही. तिला आधीच्या टाक्यांची नागमोडी लागलेली असते, आणि तीच लोकर पुन्हा विणताना बोटांना त्या चुकलेल्या ओळी जाणवत राहतात. 'डीबग' या शब्दाला मराठीत काय म्हणावे असे जावयांनी मला एकदा विचारले होते. त्या चार दिवसांत मला त्याचे उत्तर सापडले. आईचा शब्द 'उसवणे' हा होता, आणि त्यात शोधणे, मागे जाणे आणि पुन्हा विणणे हे तिन्ही येते.

खोके बंद असताना मी मुलीच्या संगणकावर या खेळण्याचा मागोवा घेत बसले. बाहेर ब्रिस्टलचा तो न थांबणारा, आवाज न करणारा पाऊस होता. मला वाटत होते की ही अलीकडच्या बाजाराने मुलांच्या माथी मारलेली वस्तू असावी; आमच्याकडेही वर्तमानपत्रांत चौथीच्या मुलाने कोडिंग शिकले नाही तर त्याचे कसे होणार, अशी भीती घालणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला मनस्वी राग येतो. पण या मधमाशीचे कूळ जुने निघाले आणि त्याची एक शाखा चक्क याच शहरातली निघाली. मेंदूचा अभ्यास करणारे विल्यम ग्रे वॉल्टर इथल्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत आणि त्यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवे केली. प्रत्येकात जुन्या रेडिओत असत तसे दोन काचेचे व्हॉल्व्ह, दोन मोटारी, एक प्रकाश ओळखणारा डोळा आणि धक्का लागल्याचे कळावे अशी कवचाची रचना. एवढ्यावर ती कासवे दिव्याकडे जात, अडथळा आला की बाजूला होत, आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरट्यातल्या उजेडाकडे परतत. त्यांना कोणी पावलांचा हिशेब सांगत नसे.

पुढे अमेरिकेत, १९६७ मध्ये, वॉली फरझिग, सिमॉर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा केली आणि थोड्याच वर्षांत तिच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारे, पोटात पेन असलेले कासव आले. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे यांच्याबरोबर होते. मूल अडले की त्याला उत्तर न देता, तू स्वतः कासव हो आणि चालून बघ, असे सांगावे, असा त्यांचा आग्रह असे. हे वाचल्यावर मी मुलीच्या बैठकीच्या खोलीत, घरी कोणी नसताना, चालून पाहिले. सोफ्यापासून तीन पावले, वळले; खिडकीशी तीन पावले, वळले; परत सोफ्याशी येऊन पहिल्यासारखे तोंड करून उभी राहिले. त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यात मी आतल्या साठ अंशांतून वळतच नव्हते. मी बाहेरच्या एकशेवीस अंशांतून वळत होते, आणि तीन वळणे मिळून माझी एक पूर्ण गिरकी झाली होती. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांच्या मापांची बेरीज ३६०° असते, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर सिद्ध करून दाखवले. त्या गिरकीने मला किंचित चक्कर आली तेव्हा ते माझ्या अंगाला कळले. साठ अंश लिहिणाऱ्या त्या मुलीला मी फक्त उठून उभे राहायला सांगायला हवे होते. तिला चार मिनिटे पुष्कळ झाली असती.

बटणांची कल्पना ज्यांनी आणली त्या रेडिया पर्लमन यांच्याविषयी वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. सत्तरच्या दशकात एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात विद्यार्थिनी असताना त्यांनी, लिहिता-वाचता न येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांना कासव चालवता यावे म्हणून बटणांची पेटी केली आणि मग खाचांत ओळीने पत्ते बसवून प्रोग्रॅम रचण्याचे यंत्र केले. आजच्या सगळ्या बटणवाल्या खेळण्यांची ती थोरली बहीण म्हणता येईल. नंतर त्यांनी हे काम सोडले. तिथे त्या जवळपास एकट्याच स्त्री होत्या आणि लहान मुलांबरोबरच्या कामामुळे आपल्याला कोणी गंभीर संशोधक मानणार नाही असे त्यांना वाटले, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. संगणकांच्या जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहू नये यासाठी त्यांनी शोधलेल्या पद्धतीमुळे आज जग त्यांना ओळखते. मला मात्र आपल्याकडच्या बालवाडीच्या बाई आठवल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, पाने, बिया घेऊन मुलांना मोजायला आणि रचायला शिकवले, आणि तरीही 'लहान मुलांना काय शिकवायचे असते' हा प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. मी स्वतः माध्यमिकची शिक्षिका म्हणून शिक्षकांच्या खोलीत बालवाडीच्या बाईंपेक्षा दोन खुर्च्या पुढे बसत असे, आणि ते मला योग्य वाटत असे.

या खेळण्याबद्दल माझे मन अजूनही एकसारखे नाही. काटकोनांचे आणि पंधरा सेंटिमीटरांचे ते जग फार अरुंद आहे; त्यात रांगोळीतली गोपद्मे बसत नाहीत, वेल बसत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या पिवळ्या प्लॅस्टिकने जे शिकायचे ते सागरगोट्यांनी आणि सुयांनी शिकता येत नाही का, असे मी मुलीला विचारलेही. वॉल्टर यांच्या कासवांना स्वतःची वाट होती. ही माशी सांगितलेल्यापलीकडे काहीही करत नाही, आणि दिवसभर कोणाला तरी हुकूम सोडण्याची सवय सहा वर्षांच्या मुलाला लागावी का, ही शंका माझ्या मनात होती. पण तिला जवळून पाहताना मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसली, ती म्हणजे तिला न सांगितलेले काहीही कळत नाही. आपल्या घरांत न सांगता कळणे हीच माया समजली जाते. पानातली भाजी संपायच्या आत वाढली जाते, तहान लागायच्या आत पाणी येते, आणि मुलाने तोंड उघडायच्या आत त्याचे वाक्य कोणीतरी पूर्ण केलेले असते. नातू माझ्याशी मराठी बोलतो, पण अडखळत. "आजी, मला ते... ते..." असे म्हणून तो शब्द शोधू लागला की मी लगेच 'पांघरूण', 'किल्ली', 'खिडकी' असा शब्द पुरवते, तो मान हलवतो आणि आमचे काम चालते. मुलगी एकदा म्हणाली होती, "आई, तू त्याला थोडं शोधू दे ना." मला तेव्हा वाईट वाटले होते. सहा महिन्यांत नातवाला जेवढी मराठी देता येईल तेवढी द्यायची म्हणून मी आले होते, आणि मी देतच तर होते. त्याच्या मधमाशीची सहा बटणे आठ करताना मी तेच केले होते.

काही वर्षांपूर्वी मी मैत्रिणींबरोबर वेळासला कासवे पाहायला गेले होते. पहाटेची वेळ, वाळू गार आणि ओली, आणि आम्ही पन्नासेक माणसे दोरीच्या अलीकडे उभी. टोपलीतून आणलेली ऑलिव्ह रिडलेची पिल्ले कासवमित्रांनी पाण्याजवळ नाही, तर पाण्यापासून बऱ्याच अलीकडे वाळूवर सोडली; तेवढे अंतर त्यांनी स्वतः कापायचे होते. एक पिल्लू वळून उलट, आमच्याच दिशेने येऊ लागले. माझ्या शेजारच्या बाईंनी हात पुढे केला आणि तिथला मुलगा हळू आवाजात म्हणाला, "ताई, राहू द्या, त्याला कळेल." कासवी आपल्या पिलांना जवळ न घेता नुसत्या नजरेने वाढवते, हा आपल्या संतांचा लाडका दृष्टान्त. वेळासची कासवी तर अंडी घालून केव्हाच समुद्रात निघून गेलेली असते, नजर ठेवायलाही ती तिथे नसते. त्या पहाटे नजर आमची होती. ते पिल्लू एका खुराच्या खड्ड्यात पडले, चढले, पुन्हा पडले. त्याला पाण्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण तेवढा वेळ मी स्वतःचे दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले होते, हे मला पक्के आठवते.

पाचव्या दिवशी शनिवार होता. मी नाश्त्यानंतर नातवाजवळ बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुझी बटणं बदलली. ते चुकलं माझं." तो दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहत राहिला. "आता मी मधमाशी होते," मी म्हणाले, "तू सांगशील तेवढंच करेन." त्याला हे पटायला पेलाभर दूध संपेपर्यंतचा वेळ लागला. मग त्याने एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढले, मला मधल्या बोळात पुढच्या दाराकडे तोंड करून उभे केले आणि बोळाच्या उजव्या हाताला असलेल्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यापर्यंत न्यायचे असे ठरवले. निघण्यापूर्वी त्याने माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बोटाने फुली काढली. "एक्स दाबलं. आता तू सगळं विसरलीस."

"पुढे," तो म्हणाला. मी एक पाऊल टाकले. "पुढे." दुसरे टाकले. "उजवीकडे." मी जागीच उजवीकडे वळले आणि थांबले. "अगं, चल ना," तो म्हणाला. मी चालले नाही. बैठकीच्या खोलीचे दार माझ्यासमोर उघडे होते, सोफा दिसत होता, आणि माझ्या पायांना तिकडे जायची ओढ इतकी होती की मी टाचा जमिनीत रोवून उभी होते. तो माझ्याभोवती फिरला. त्याने माझ्या पायांकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे, मग हातातल्या पाकिटाकडे. "तू नुसती वळलीस," तो सावकाश म्हणाला. "उजवीकडे म्हणजे नुसतं... नुसतं बघायचं. जायचं नाही." मी काही बोलले नाही; मधमाशी बोलत नाही. त्याने पाकिटावर उजवीकडच्या बाणानंतर एक नवा बाण घुसवला, इतका बारीक की तो दोन बाणांच्या मधे उभा राहायला जागा शोधत असल्यासारखा दिसत होता.

मग आम्ही पहिल्यापासून सुरू केले. पाठीवर पुन्हा फुली, पुन्हा सगळे विसरणे. या वेळी त्याने मला पुन्हा उभे करताना दार सोडून जिन्याकडे तोंड करून उभे केले होते आणि ते त्याच्या लक्षात आले नव्हते. आता त्याचे उजवे आणि माझे उजवे वेगळ्या बाजूंना होते. दोन पावले, एक वळण, आणखी एक पाऊल, आणि मी भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या कोटांसमोर येऊन पोहोचले. जावयांच्या ओल्या लोकरी कोटाचा वास थेट नाकात येत होता आणि एक गुंडी माझ्या चष्म्याच्या काचेला टेकली होती. मागे तो फरशीवर बसला असावा, कारण पेन्सिलीचा आवाज खालून येत होता. खरखर, थांबणे, खोडरबराचा घासल्याचा आवाज, पुन्हा खरखर. काय चुकले ते मला ठाऊक होते. कोटांमध्ये तोंड घालून मी ते ठाऊक असणे तसेच धरून ठेवले.

"आजी," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता तू... तू..." त्याला मराठी शब्द सापडत नव्हता. मला तो येत होता. बाहेर कोणाची तरी गाडी पाण्यातून गेली. "तू तुझं तोंड," तो म्हणाला आणि पुन्हा थांबला, "तुझं तोंड त्या... त्या दुसऱ्या हाताकडे कर."

मी केले.